मार्चिंग बँडचं सराव मैदान: गवत, टर्फ की डांबर?

विद्यापीठाच्या मार्चिंग बँडला, म्हणजे मैदानावर चालत आकृत्या करत वाजवणाऱ्या पथकाला, नवं सराव मैदान मिळणार म्हटलं की पहिल्याच बैठकीत गवत की टर्फ (कृत्रिम गवत) यावर वाद पेटतो. अमेरिकेतल्या मिडवेस्टमध्ये मी चार वर्षं अशा बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला आणि गवत, टर्फ, डांबर अशा तिन्ही पृष्ठभागांवर चाललो. आता आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुलं या बँडमध्ये आहेत. माजी वादक किंवा पालक म्हणून तुम्हाला मत विचारलं जाणार असेल, तर हे वाचा.

खेळाडूंना मैदान लागतं ते धावायला. बँडला ते आलेखाच्या कागदासारखं लागतं. अमेरिकन फुटबॉलचंच हे मैदान: दोन्ही टोकांचे पट्टे, म्हणजे एंड झोन, धरून 120 यार्ड लांब, 160 फूट रुंद, दर 5 यार्डांवर रेघ. त्या 5 यार्डांत नेमकी 8 पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. प्रत्येक वादकाची जागा अमुक रेघेपासून इतकी पावलं, अमुक हॅशपासून (मैदानाच्या आत लांबीला समांतर आखलेल्या छोट्या खुणांच्या ओळीपासून) इतकी, अशी लिहून दिलेली असते. कॉलेजच्या मैदानावर हॅश बाजूच्या रेषेपासून 60 फुटांवर असतात, हायस्कूलच्या मैदानावर 53 फूट 4 इंचांवर. शाळेतून नुकती आलेली मुलं पहिल्या आठवड्यात इथेच चुकतात. त्यामुळे पृष्ठभाग कोणताही निवडा, पण आधी एक विचारा: या रेघा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, दिसतील का?

गवतावर हीच अडचण येते. रंग पावसाने धुपतो, गवत कापलं की फिका पडतो, आणि रेघा पुन्हा पुन्हा मारायला माणूस लागतो. शिवाय बँड मैदानभर विखरून पळत नाही. तोच सेट, म्हणजे आकृतीचा तोच टप्पा, वीस वेळा, त्याच वाटेने, तीनशे जोड्या पाय. ऑक्टोबरच्या पावसात त्या वाटांचा चिखल होतो, आणि उलटं चालताना, सगळा भार चवड्यांवर असताना, पाय घसरतो. तरीही गवत मला मनापासून आवडतं. घोट्यांना आणि गुडघ्यांना ते मऊ, आणि उन्हात ते तापत नाही.

ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होण्याआधी, दिवसभराचा बँड कॅम्प असतो. म्हणजे मैदानाचा सगळ्यात जास्त वापर आणि सगळ्यात कडक ऊन एकाच वेळी येतं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा कृत्रिम टर्फचा पृष्ठभाग डांबरापेक्षा सुमारे 20 अंश सेल्सियसने आणि खऱ्या गवतापेक्षा 48 अंशांनी जास्त तापलेला निघाला. पाणी मारून तो थंड केला, तर वीस मिनिटांत पुन्हा सत्तरीपार गेला. विक्रेता सांगेल, ‘पाणी मारलं की झालं.’ त्यावर विश्वास ठेवू नका. टर्फ घेणार असाल तर कडेला सावली, पाण्याचे नळ आणि दुपारी आत बसण्याची सोय त्याच अंदाजपत्रकात धरा, पुढच्या वर्षीच्या यादीत नको.

या उणिवा असूनही टर्फचं पारडं जड होतं ते रेघांमुळे. त्या विणूनच घेता येतात आणि पावसाने जात नाहीत. पाऊस थांबल्यावर तासाभरात सराव सुरू करता येतो. मात्र गालिचा साधारण आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो आणि तो खर्च लाखो डॉलर्सचा असतो. बांधकामाच्या दिवशीच त्यासाठी वेगळा निधी बाजूला काढला नाही, तर पुढची समिती अडचणीत येते. टर्फमध्ये भरलेले जुन्या टायरचे काळे दाणे बुटांत शिरतात, आणि वाद्य जमिनीवर ठेवलं की तेही सुटत नाही.

डांबराबद्दल थोडक्यात. ते स्वस्त, टिकाऊ आणि रेघा मारायला सोपं. अनेक बँड पार्किंगमध्येच सराव करतात, आम्हीही केला. पण आठवड्यात आठ-दहा तास त्यावर चाललं की नडग्या ठणकतात. मुख्य मैदान म्हणून मी ते कधीच सुचवणार नाही. ड्रमलाइनच्या, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या गटाच्या, वॉर्म-अपसाठी शेजारी एक डांबरी पट्टा असला तर बरं.

मग निर्णय कशावर घ्यायचा? मैदान एकट्या बँडचं आहे की वाटून घ्यायचं आहे, यावर. एकट्या बँडचं असेल, पाण्याचा निचरा चांगला असेल आणि देखभालीला कायमचा माणूस मिळणार असेल, तर गवत घ्या. संध्याकाळी तिथेच विद्यार्थ्यांचे सॉकरचे सामने होणार असतील, तर गवत दोन महिन्यांत संपेल. तेव्हा टर्फच घ्या, पण सॉकरच्या रेघा वेगळ्या आणि फिक्या रंगात असाव्यात हे करारात लिहून घ्या. चार रंगांच्या जाळ्यात आपली रेघ शोधत चालणं फार त्रासाचं असतं.

जागा आणि दिशा याकडे समित्या जवळजवळ बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मिशिगन विद्यापीठाने जुन्या एल्बेल फील्डच्या जागेवर वसतिगृहं बांधायला घेतली, तेव्हा बँडचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावरच हलवलं. हे शहाणपणाचं होतं. सूझाफोनसारखं अवजड पितळी वाद्य खांद्यावर घेऊन मैलभर चालत आलेला मुलगा सराव सुरू होण्याआधीच दमलेला असतो. दिशेचं म्हणाल, तर दिग्दर्शक ज्यावर उभं राहून सराव घेतो तो मनोरा उत्तरेला ठेवावा. बँडचं तोंड उत्तरेकडे राहतं आणि दुपारचं ऊन डोळ्यांत येत नाही. पण मग सगळ्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची तोंडंही उत्तरेलाच होतात, म्हणून त्या बाजूला घरं नकोत. पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की तक्रारी कशा येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मैदानामागे जिमची उंच भिंत असेल तर जागा नाकाराच. 100 यार्ड पार करायला आवाजाला सुमारे पाव सेकंद लागतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत हा अर्धा ठोका झाला. दोन टोकांच्या वादकांना हा फरक सांभाळणं आधीच अवघड असतं, त्यात भिंतीवरून परत आलेला ठोका मिसळला की लय फाटते. नकाशावर हे कळत नाही. सही करण्याआधी स्नेअर ड्रम (तडतडत्या आवाजाचा ड्रम) वाजवणारे दोघे घेऊन संध्याकाळी पाच वाजता त्या जागेवर जा, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला उभा करा, आणि मधोमध थांबून ऐका.