गाल बसलेत, आत काय भरायचं? साधा फिलर की कोलॅजन वाढवणारं इंजेक्शन

पंचेचाळिशीनंतर चेहरा ओघळला असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तो आधी आतून रिकामा होतो. गालाखालची चरबी आटते, हाडही थोडं झिजतं आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, कमी होत जातं. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं असं मानतात. ही पोकळी क्रीमनं भरत नाही. मग इंजेक्शनचा विषय निघतो आणि "बायोस्टिम्युलेटर घ्या मॅडम, दोन वर्षं बघायला नको" असं ऐकायला मिळतं. बायोस्टिम्युलेटर म्हणजे शरीराला स्वतःचं कोलॅजन तयार करायला लावणारं इंजेक्शन.

माझं मत आधीच सांगून टाकते. किती टिकतं हे नंतर विचारा. बिघडलं तर काढता येतं का, हे आधी विचारा. पुढची सगळी तुलना मी याच प्रश्नावर केली आहे.

हायलुरॉनिक ॲसिड: आज भरा, नको तर विरघळवा

हा साधा फिलर. जुवेडर्म, रेस्टिलेन ही यातली ओळखीची नावं. तयार जेल असतं, ते जिथे भरलं तिथे त्याच दिवशी भरल्यासारखं दिसतं. जागा आणि जेलची घनता यांवर सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे जास्त भरलं की चेहरा भरलेला न दिसता सुजलेला दिसतो. तसे चेहरे आता टीव्हीवर कुणालाही ओळखता येतात.

याची खरी ताकद मात्र दुसरीकडे आहे. हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की हे जेल विरघळतं. डोळ्याच्या ऑपरेशनच्या भुलीतही ते वापरतात, त्यामुळे आपल्याकडे सहज मिळतं. भरलेलं आवडलं नाही किंवा जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर हातात काहीतरी उपाय असतो. पुढच्या कुठल्याच पर्यायात ही सोय नाही.

पीएलएलए: धीर असेल तरच

पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, म्हणजे बाजारातलं स्कल्प्ट्रा. शरीरात विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीची ही पावडर. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, ती २००४ मध्ये मंजूर केली ती सौंदर्यासाठी नव्हे, तर एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जातात त्यासाठी. सुरकुत्यांसाठीची मंजुरी २००९ ची.

हे विरजणासारखं आहे. कण आत जातात, शरीर त्यांच्याभोवती हळूहळू स्वतःचं कोलॅजन तयार करतं. त्यामुळे एक गोष्ट हमखास फसवते. इंजेक्शन घेऊन बाहेर पडताना गाल मस्त भरलेले दिसतात, ते नुसतं पावडर कालवलेलं पाणी असतं. चार-पाच दिवसांत ते शोषलं जातं आणि "पैसे वाया गेले" असं वाटतं. खरा फरक दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतो, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीन बैठका लागतात. पुढे तो दोन वर्षं किंवा जास्तही टिकतो. मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात असेल तर हा नाद सोडा.

गाठी हा याचा मुख्य त्रास. पूर्वी पावडर कमी पाण्यात कालवत, कण एका जागी साचत आणि कातडीखाली टणक गोळे लागत. आता आठ-नऊ मिलिलिटरपर्यंत पातळ करतात आणि खोल भरतात, त्यामुळे प्रमाण घटलं आहे, पण संपलेलं नाही. गाठ काही महिन्यांनीही येऊ शकते. घरी मसाज करायचा असतो: पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. नोकरी सांभाळून हे जमणार का, ते आधीच बघा.

रेडिएस: दोन्हींच्या मधलं

यात कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटचे बारीक गोल कण असतात. हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज. साधारण ३० टक्के कण, ७० टक्के जेल. जेलमुळे उठाव लगेच दिसतो, ते काही महिन्यांत शोषलं जातं आणि तोवर कणांभोवती कोलॅजन तयार व्हायला लागलेलं असतं. वर्ष-दीड वर्ष टिकतं. जबड्याची रेघ, गालाचं हाड अशा ठिकाणी हे चांगलं बसतं. खूप पातळ करून मानेच्या कातडीसाठीही देतात, तिथे हेतू फुगवण्याचा नसून कातडी घट्ट करण्याचा असतो.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहून जाते: हे कण सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसतात. उद्या सायनससाठी स्कॅन काढलात तर रेडिऑलॉजिस्टला आधी सांगा, नाहीतर नसतं टेन्शन.

एलान्से म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन हाही याच कुळातला, जास्त टिकणारा. जास्त टिकतो म्हणजे चूकही जास्त टिकते. आणि पीएमएमए या प्लास्टिकचे कायमचे कण? वय वाढेल तसा चेहरा बदलत राहतो, आतला गोळा तसाच राहतो. मी तरी नको म्हणेन.

मग कुणी काय घ्यावं

आयुष्यात पहिल्यांदा भरून घेत असाल तर हायलुरॉनिक ॲसिड, तेही थोडंच. डोळ्यांखाली आणि ओठांत पीएलएलए किंवा रेडिएस कुणी सुचवलं तर उठून या. तिथली कातडी पातळ, गाठ लगेच दिसते. एकाच सुरकुतीची तक्रार असेल तर बायोस्टिम्युलेटरची गरजच नाही. वजन उतरल्यानं किंवा वयानं गाल आणि कानशिलं दोन्ही आत गेली असतील आणि सहा महिने थांबायची तयारी असेल, तर पीएलएलए शोभतं. गरोदरपण, अंगावर पाजणं, चेहऱ्यावर चालू असलेला संसर्ग किंवा पिकलेल्या पुटकुळ्या, केलॉइडची (जखमेचा व्रण जाड वाढत जाण्याची) प्रवृत्ती, ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे), आधी भरलेलं कायमचं फिलर: यांतलं काही असेल तर डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सुईच्या जागी काळे डाग राहतात, तेव्हा सनस्क्रीन चुकवू नका. दातांचं काम असेल तर दोन आठवडे आधी उरका.

सगळ्यात गंभीर धोका या तिन्हींत सारखाच: पदार्थ रक्तवाहिनीत जाणं. भुवयांच्या मधली जागा आणि नाक ही त्यातली सर्वांत धोक्याची ठिकाणं. कातडी एकदम पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, न सोसणारी कळ आली किंवा नजर धूसर झाली तर "उद्या बघू" नाही, त्याच मिनिटाला डॉक्टर. दृष्टीचं नुकसान तासा-दीड तासात कायमचं होऊ शकतं. म्हणून पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत, मैत्रिणीच्या भिशीत हे करून घेऊ नये. सुईशिवाय भरणाऱ्या पेनांबद्दल २०२१ मध्येच अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला आहे. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार ते स्पष्ट विचारा. दर व्हायलचा, म्हणजे एका बाटलीचा, सांगतील. तुम्ही सगळ्या बैठकांचा मिळून आकडा मागा.

खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवान्याचा नंबर हवा. बॅच नंबरच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. दोन वर्षांनी गालात गाठ लागली आणि तोवर डॉक्टर बदलला असेल, तर आत नेमकं काय आहे हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.