‘बाय एनी स्ट्रेच’ की ‘बाय नो स्ट्रेच’?

‘कितीही ताणलं तरी हे म्हणता येणार नाही’ असं इंग्रजीत लिहायचं तर ‘बाय एनी स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन’ आणि ‘बाय नो स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन’ ही दोन्ही रूपं शुद्ध आहेत. अर्थही एकच. निवड करायची ती वाक्यात कुठलं नीट बसतं ते पाहून.

‘एनी’मध्ये नकार नाही, तो वेगळा द्यावा लागतो: ‘द रिपोर्ट इज नॉट कम्प्लीट बाय एनी स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन’. ‘नॉट’ऐवजी ‘नेव्हर’ किंवा ‘हार्डली’ही चालतं. जपायचं ते एवढंच, की लांबलेल्या वाक्याची काटछाट करताना ‘नॉट’ गळू नये. गळला की वाक्य लंगडं पडतं.

‘नो’ स्वतःच नकार आणतो, त्यामुळे सोबत ‘नॉट’ नको. वाक्याच्या मध्ये तो निमूट बसतो: ‘द रिपोर्ट इज बाय नो स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन कम्प्लीट’. पण बहुतेकांना त्यानेच सुरुवात करायची असते, आणि खरी कटकट तिथे आहे. नकारार्थी तुकडा आधी आला की सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं: ‘…इज द रिपोर्ट कम्प्लीट’. ‘…द रिपोर्ट इज कम्प्लीट’ चुकीचं. साध्या भूतकाळात तर ‘डिड’ उसना आणावा लागतो. ‘द प्लॅन सक्सीडेड’चं ‘डिड द प्लॅन सक्सीड’ होतं. मराठीत नकार पुढे आणला तरी क्रियापद जागचं हलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही चूक खटकतच नाही. माझ्या पाहण्यात चांगले लिहिणारेही इथे घसरतात. ‘नॉट बाय एनी…’ने सुरुवात केली तरी हाच नियम लागतो, हेही लक्षात असू द्या.

युक्तिवादात पहिल्याच फटक्यात दावा खोडायचा असेल तर ‘नो’ला जोर जास्त, हे मान्य. एरवी ‘नॉट’ क्रियापदाजवळ आणि ‘बाय एनी…’ शेवटी, ही मांडणी बहुधा कमी दगा देते.

दोन्हींत ‘बाय’ बदलून ‘विथ’ किंवा ‘इन’ करू नका, ‘स्ट्रेच’ एकवचनीच ठेवा, ‘इमॅजिनेशन’आधीचा ‘द’ शक्यतो गाळू नका. ‘फिगमेंट ऑफ द इमॅजिनेशन’ची मात्र यात सरमिसळ नको, ते नाम आहे, मनाने रचलेल्या गोष्टीसाठी. आणि जो दावा कुणी ताणूनही करणार नाही, तिथे ‘बाय नो मीन्स’ हे तीनच शब्द पुरतात.