माला-डी ही गर्भनिरोधक गोळी वापरून बघितली, तिचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

आधी मी ड्रोस्पिरेनोन नावाचं हॉर्मोन असलेली महागडी गर्भनिरोधक गोळी घेत होते. मग डॉक्टर मॅडमनी बीपी बघितलं, मायग्रेन आहे का विचारलं आणि म्हणाल्या माला-डी घे की, काय हरकत आहे. मला आधी जरा कसंतरीच वाटलं, एवढ्या स्वस्तातली गोळी म्हणजे सरकारी काहीतरी असणार. पण आत बघा काय आहे, लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम, अगदी हेच ओव्हरल-एल या दुसऱ्या ब्रँडच्या गोळीत असतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन, तीही हीच. आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका ड्रोस्पिरेनोनपेक्षा हिच्यात कमी, वर्षाला १०,००० बायकांमागे साधारण ५ ते ७ जणींना, तिकडे ९ ते १२. काहीच न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या बायकांत २.

आता ही काम कशी करते. एरवी मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हॉर्मोन सोडते, त्याने अंडाशयात बीज तयार व्हायला लागतं, मग महिन्याच्या मध्याला एलएच हे तिचंच दुसरं हॉर्मोन एकदम उसळतं आणि बीज बाहेर पडतं. गोळीतलं इस्ट्रोजेन (इथिनाइल इस्ट्राडायॉल) एफएसएचला दाबून ठेवतं, प्रोजेस्टिन (लेव्होनॉरजेस्ट्रेल) एलएचला उसळूच देत नाही, म्हणजे बीजच बाहेर येत नाही तर दिवस राहणार कुठून. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असतो तो स्राव घट्ट होतो, शुक्रजंतू आत जाऊ शकत नाहीत. आतलं अस्तर पण पातळ राहतं, म्हणून अंगावरून कमी जातं आणि पोटातही कमी दुखतं. राहिलेला गर्भ हिने पडत नाही, ते काम हिचं नाहीच.

पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या हॉर्मोनच्या, ७ गडद रंगाच्या आयर्नच्या. त्या सात दिवसांत हॉर्मोन बंद होतं म्हणून अस्तर गळतं, ती खरी पाळी नव्हेच. माझी जाऊ त्या सात ताकदीच्या गोळ्या म्हणून कचऱ्यात टाकायची, त्याने खरं तर काही बिघडत नाही, पण मग नवं पाकीट आठव्या दिवशी सुरू करायचं तेच राहून जायचं. गोम तिथेच आहे! सात दिवसांच्या सुट्टीत अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागतं पण बीज बाहेर येईपर्यंत मजल जात नाही, सुट्टी लांबली की जाऊ शकते. म्हणून पाकिटाच्या सुरवातीच्या नाहीतर शेवटच्या पांढऱ्या गोळ्या चुकल्या तर जास्त पंचाईत.

एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर लगेच एक घ्यायची, पुढे रोज चालू ठेवायची आणि सात दिवस कंडोम. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर आयर्नच्या सोडून थेट नवं पाकीट उघडायचं. पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आला असेल तर डॉक्टरांना इमर्जन्सी गोळीचं विचारा.

आणि गणपतीत, लग्नाकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी वेगळी हां, ती नॉरएथिस्टेरॉन, तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका.

स्टार कापला तो रोजच्या आठवणीसाठी. न चुकता घेतली तर वर्षात १०० पैकी एकीलाही दिवस राहात नाहीत, पण खऱ्या आयुष्यात, विसराविसरीसकट, सुमारे ७ जणींना राहतात. सुरवातीला मळमळतं, मधेच डाग पडतात, बहुतेकींचं दोनतीन महिन्यांत थांबतं. रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ जरा कमी.

पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट ओढत असाल, बीपी असेल, डोळ्यापुढे चमकून मायग्रेन येत असेल, आधी गुठळी किंवा ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, नाहीतर सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर ही नको, दुसरं काही विचारा. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हिचा असर कमी होतो, फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. आणि घेत असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा छातीत दुखून दम लागला तर घरी बसून वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि गोळी घेते म्हणून सांगा.