हजार लिटरची टाकी की पाच ड्रम?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाच्याचं टॉवेल ब्लीचिंग-डाइंगचं युनिट आहे. पेरॉक्साइड (ब्लीचिंगचं रसायन) आणि कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) यांसाठी धातूच्या पिंजऱ्यातली १००० लिटरची प्लास्टिकची टाकी घ्यावी की २०० लिटरचे पाच प्लास्टिकचे ड्रम, यावर त्याचं अडलंय.

जागेत टाकी सरस. तिचा पाया १.२ बाय १ मीटर. तेवढ्यात पाच ड्रम बसत नाहीत.

खरी गोम हाताळणीत आहे. ५० टक्के पेरॉक्साइडचा भरलेला ड्रम साधारण २४० किलो. सराईत माणसं तो तिरका करून तळाच्या काठावर तोलून फिरवत नेतात. टाकी १२०० किलोची, कॉस्टिक लाय असेल तर दीड टनाकडे जाते. फोर्कलिफ्ट नसेल तर गाडीवरून उतरवणार कशी? पण एकदा बसली की खालचा कॉक उघडायचा, काम झालं. ड्रमला पंप लागतो, आणि तळाशी थोडा माल राहतोच.

टिकण्याचं म्हणाल तर प्लास्टिक दोन्हीकडे तेच. सोलापूरच्या उन्हात पांढरी टाकी लवकर ठिसूळ होते, निळा ड्रम जरा तग धरतो. सावली दोघांनाही हवीच. पेरॉक्साइडला हवा सोडणारं झाकणही हवं, नाहीतर भांडं फुगतं. लोखंडी ड्रम त्यासाठी नकोच. (त्या लोखंडी ड्रमचं १९०५ चं अमेरिकन पेटंट नेली ब्लाय या पत्रकार बाईंच्या कारखान्यातलं!)

रोज एकच रसायन भरपूर लागत असेल आणि फोर्कलिफ्ट असेल, तर टाकी. चार रसायनं थोडी थोडी लागत असतील तर ड्रम. भाच्याकडे फोर्कलिफ्ट नाही. सध्या त्याने ड्रमच घ्यावेत.