‘द बिगिनिंग’ : निर्मातीचे काम उघड करणाऱ्या तीन तबकड्या

यानातून काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ या गूढ प्रवाशाची कथा सांगणाऱ्या बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे पहिले तेरा भाग एकत्र करून ‘द बिगिनिंग’ या नावाचा तीन डीव्हीडींचा संच २००६ साली काढण्यात आला. तो विज्ञानकथेच्या चाहत्यांसाठी आहे हे उघड आहे आणि त्या चाहत्यांनी त्याचे कौतुकही भरपूर केलेले आहे. माझी शिफारस मात्र नाशिकमधील हौशी रंगभूमीवर, लघुपटांत आणि महाविद्यालयीन एकांकिकांत निर्मितीची बाजू सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आहे. या मालिकेच्या पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी जे निर्णय घेतले, त्यांचे परिणाम या तबकड्यांवर एकापाठोपाठ एक पाहता येतात आणि निर्माता नेमके काय करतो या प्रश्नाला इतके प्रत्यक्ष उत्तर देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आपल्याकडे निर्मात्याचे जे चित्र मनात असते ते बहुतांशी दादासाहेब फाळके यांच्यामुळे घडलेले आहे. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनला जाणारे, तेथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत कामाची पद्धत पाहून कॅमेरा घेऊन परतणारे आणि पुढे नाशिकला बिऱ्हाड आणून पटकथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, रसायनप्रक्रिया असे सगळे स्वतःच्या अंगावर घेणारे फाळके हे एकहाती निर्माते होते. लॅम्बर्ट यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यांनी या मालिकेची एकही संहिता लिहिली नाही, एकही भाग दिग्दर्शित केला नाही आणि खर्च होणारा पैसाही संस्थेचा होता. तरीही या तेरा भागांवर सर्वांत ठळक ठसा त्यांचाच आहे, असे संच पाहून झाल्यावर मी म्हणेन.

१९३५ साली लंडनमध्ये जन्मलेल्या लॅम्बर्ट दूरचित्रवाणीत आल्या त्या ग्रॅनडा या वाहिनीच्या प्रसिद्धी विभागातील सचिव म्हणून. पुढे एबीसी टेलिव्हिजनमध्ये त्या निर्मिती सहायक झाल्या. तेथे १९५८ साली ‘अंडरग्राउंड’ हे नाटक थेट प्रक्षेपित होत असताना गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात मरण पावला. दिग्दर्शक टेड कॉचेफ उरलेल्या नटांना नवी रचना समजावण्यासाठी खाली स्टुडिओत धावले आणि कॅमेऱ्यांना सूचना देण्याचे काम नियंत्रणकक्षात बसलेल्या लॅम्बर्ट यांनी पार पाडले. नाटक थांबले नाही. एबीसीमधील त्यांचे जुने वरिष्ठ, कॅनडाहून आलेले सिडनी न्यूमन, बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि शनिवारच्या संध्याकाळी खेळांच्या व संगीताच्या कार्यक्रमांमध्ये उरणारी जागा भरण्यासाठी मुलांना आणि मोठ्यांना एकत्र बसवणारी मालिका त्यांनी ठरवली, तेव्हा त्यांनी १९६३ साली लॅम्बर्ट यांना बोलावून घेतले. त्या वेळी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या होत्या. बीबीसीच्या नाट्यविभागातील त्या सर्वांत तरुण आणि एकमेव स्त्री निर्मात्या ठरल्या.

आता संचाकडे वळतो. पहिल्या तबकडीवर ‘अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड’ ही चार भागांची कथा आहे आणि तिच्यासोबत त्या वेळी प्रक्षेपित न झालेला मूळ पहिला भागही आहे. संचाची खरी किंमत वसूल होते ती येथेच. २७ सप्टेंबर १९६३ रोजी लाइम ग्रोव्ह येथील स्टुडिओत चित्रित झालेला हा भाग न्यूमन यांना पसंत पडला नाही. त्यांनी तो नव्याने करण्यास सांगितले आणि १८ ऑक्टोबर रोजी तीच संहिता थोड्या बदलांसह, तेच नेपथ्य, तेच नट घेऊन तो पुन्हा चित्रित झाला. दोन्ही आवृत्ती लागोपाठ पाहिल्या की फरक मोजता येतात. पहिल्या आवृत्तीत यानाचे दार नीट बंद होत नाही आणि महत्त्वाच्या संवादाच्या वेळी ते मागे आपटत राहते. स्पर्धेच्या प्रयोगात विंगेतला दरवाजा अडकल्यावर आपल्या पोटात जो गोळा येतो तो येथे अगदी ओळखीचा वाटतो. परंतु खरी दुरुस्ती तांत्रिक नाही. पहिल्या आवृत्तीतला डॉक्टर तुसडा आणि जवळजवळ क्रूर वाटतो, त्याची नात सुझन अति विचित्र वाटते आणि आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मलो असे ती सांगून टाकते. दुसऱ्या आवृत्तीत हा शतकाचा आकडा गेला आहे, त्या जागी दुसरा काळ आणि दुसरे जग एवढाच मोघम उल्लेख उरला आहे. डॉक्टरचा वेश जुन्या वळणाचा झाला आहे आणि त्याच्या तिरसटपणाला मिस्कीलपणाची किनार आली आहे. कुतूहल राखण्यासाठी माहिती काढून टाकावी लागते, हा संपादनाचा धडा एवढ्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळतो. माझा सल्ला असा की, आधी प्रक्षेपित भाग पाहावा आणि नंतर मूळ भाग. क्रम उलटा केला तर दुसऱ्यांदा पाहताना कथा कंटाळवाणी होते.

डॉक्टरच्या भूमिकेसाठी विल्यम हार्टनेल यांची निवड हाही लॅम्बर्ट यांचाच निर्णय होता. चित्रपटांत आणि विनोदी मालिकेत करड्या लष्करी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नटाला त्यांनी ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ या चित्रपटात पाहिले आणि त्याच्यातला हळवेपणा हेरला. शीर्षकसंगीताचेही तसेच आहे. एका फ्रेंच वाद्यवृंदाची त्यांची पहिली पसंती खर्चात बसेना, म्हणून त्या बीबीसीच्याच रेडिओफोनिक वर्कशॉप या प्रायोगिक ध्वनी तयार करणाऱ्या विभागाकडे गेल्या. तेथे रॉन ग्रेनर यांची रचना डेलिया डर्बिशर यांनी ध्वनिफितीचे तुकडे जोडून जोडून साकारली. साठ वर्षांनंतरही ती धून ऐकताना जुनाट वाटत नाही.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. ब्रिटनच्या गोऱ्या आणि पुरुषी संस्थेत एक तरुण स्त्री आणि एक तरुण भारतीय वंशाचा दिग्दर्शक यांच्यावर हा प्रयोग सोपवला गेला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. कथेचा पहिला भाग उत्कृष्ट आहे. पुढचे तीन, ज्यांत पात्रे अश्मयुगातल्या टोळीत अडकतात, ते खरे सांगायचे तर लांबलेले आहेत. केस पिंजारलेले नट गुहेत अग्नीवरून भांडताना सव्वा तास पाहणे ही सहनशीलतेची परीक्षा आहे आणि चाहत्यांनी ती नाकारू नये. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी प्रक्षेपित झाला. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला.

मालिका तगली ती दुसऱ्या तबकडीवरील ‘द डालेक्स’ या सात भागांच्या कथेमुळे; डालेक म्हणजे यंत्रकवचात राहणारे क्रूर परग्रहवासी. टेरी नेशन यांची ही संहिता लॅम्बर्ट यांच्या वरिष्ठांना मुळीच आवडली नव्हती. मालिकेत डोळे वटारलेले राक्षस नकोत, अशी न्यूमन यांची पहिल्यापासून ताकीद होती. परंतु चित्रित करण्याजोगी तयार संहिता हातात तेवढीच होती आणि लॅम्बर्ट तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. रेमंड क्यूसिक यांनी संकल्पिलेली डालेकांची सरकती यंत्रे पडद्यावर आली आणि सुरुवातीला चव्वेचाळीस लाखांच्या आसपास असलेला प्रेक्षक या कथेच्या शेवटी एक कोटीच्या वर गेला. कथा आज पाहताना मधल्या दोन भागांत, दलदलीच्या प्रवासात, रेंगाळते. तरी डालेकांच्या नगरीतील तिरप्या रेषांचे नेपथ्य आणि पहिल्या भागाच्या शेवटी फक्त एक यांत्रिक हात दाखवून थांबण्याची युक्ती नेपथ्यकारांनी आणि दिग्दर्शकांनी आवर्जून पाहावी.

तिसरी तबकडी सामान्य प्रेक्षक बाजूला ठेवून देईल, पण निर्मितीसूत्रधाराने ती दोनदा पाहावी. मंजूर झालेल्या तेरा भागांपैकी दोन उरले होते आणि नव्या नेपथ्यासाठी व जादा नटांसाठी पैसा नव्हता. संहितासंपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी घाईने लिहिलेली ‘द एज ऑफ डिस्ट्रक्शन’ ही कथा त्यामुळे संपूर्णपणे यानाच्या आत, चार नेहमीच्या नटांवर घडते. एका दृश्यात यंत्रावरील कळीचे नाव चक्क जाड शाईच्या पेनाने लिहिलेले दिसते; ते तालमीसाठी लिहून नंतर राहून गेले असावे असे वाटते. कथेचा शेवट फुसका आहे. परंतु चौघांचा एकमेकांवरचा संशय वाढत जाताना पात्रांना जी खोली मिळते ती आधीच्या अकरा भागांत नव्हती आणि ती अडचणीतून निघालेली आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर तुटपुंज्या खर्चात एकच दिवाणखाना उभा करणाऱ्या संघांना हे दोन भाग फार जवळचे वाटतील.

चित्र आणि ध्वनीबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. मूळ चित्रफिती बीबीसीने पुसून वापरल्या. उरल्या त्या परदेशांत विक्रीसाठी सोळा मिलिमीटर फिल्मवर उतरवलेल्या प्रती. त्या स्वच्छ करून, व्हिडफायर नावाच्या प्रक्रियेने मूळ प्रक्षेपणातील हालचालींचा ओघ परत आणलेला आहे. त्याच काळातील ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा मात्र चित्ररूपात पूर्ण नष्ट झाली. छायाचित्रे आणि प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेला आवाज जोडून केलेली तिची अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती तिसऱ्या तबकडीवर आहे. फाळके यांच्या चित्रपटांचे तुकडेच काय ते उरले असलेल्या आपल्या शहराला या नुकसानीची कल्पना वेगळी द्यायला नको.

जोड साहित्यात जवळपास तासाभराचा ‘ओरिजिन्स’ हा माहितीपट सर्वांत मोलाचा आहे आणि काही भागांवर लॅम्बर्ट यांचे स्वतःचे समालोचन आहे. त्यांचे बोलणे नेमके आहे. श्रेय वाटण्यात त्या हात आखडता घेत नाहीत. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि निर्मितीविषयक टिपा पडद्यावर दाखवण्याची सोय आहे; या टिपा समालोचनाहूनही अधिक माहिती देतात. १९९९ साली केलेली काही विनोदी प्रहसने मात्र कशासाठी घातली ते समजत नाही, आणि एका भागाचा अरबी ध्वनिपट ही गंमत म्हणून ठीक.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. लॅम्बर्ट यांनी १९६५ साली ही मालिका सोडली आणि त्यानंतर चार दशके काम केले, त्याचा वेगळा आढावा या संचात नाही. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरील ‘शोल्डर टू शोल्डर’ ही सहा नाटकांची मालिका त्यांनी १९७४ साली केली, त्याच वर्षी त्या थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्यविभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत तेथे ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’, ‘रंपोल ऑफ द बेली’ आणि ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’ झाल्या. युस्टन फिल्म्सच्या प्रमुख या नात्याने त्यांनी ‘माइंडर’ आणि ‘विडोज’ पडद्यावर आणल्या. थॉर्न ईएमआय या चित्रपटसंस्थेतील निर्मितिप्रमुखपद त्यांना मानवले नाही. मग १९८५ साली त्यांनी सिनेमा व्हेरिटी ही स्वतःची कंपनी काढली. तिच्यातून १९८८ साली आलेल्या ‘अ क्राय इन द डार्क’ या चित्रपटासाठी मेरिल स्ट्रीप यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. याच कंपनीने बीबीसीसाठी स्पेनमध्ये आख्खे गाव उभारून १९९२ साली सुरू केलेली ‘एल्डोराडो’ ही दैनंदिन वळणाची मालिका वर्षभरात बंद पडली. यश आणि आपटी या दोन्हींचा असा हिशेब कोणत्याही नवख्या निर्मात्याला उपयोगी पडला असता, आणि संच तयार झाला तेव्हा लॅम्बर्ट हयात होत्या, मुलाखत देत होत्या. २२ नोव्हेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. ती संधी गेली.

विकत घेण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. हा संच युरोपच्या प्रदेशासाठी, म्हणजे प्रदेश क्रमांक २ साठी आहे आणि भारताचा क्रमांक ५ आहे. चित्रप्रणाली पाल, म्हणजे भारतातलीच, असल्याने तिची अडचण नाही, पण प्रदेशबंधन असलेल्या प्लेअरवर तबकडी चालणार नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर प्रदेश बदलता येतो, तोही पाचच वेळा. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत आता नवा डीव्हीडी प्लेअर सहज मिळेल याची खात्री धरू नये. घरातला जुना, सर्व प्रदेश चालवणारा प्लेअर असेल तर तो आधी तपासावा. ज्यांना विज्ञानकथेत रस नाही आणि लॅम्बर्ट यांच्या प्रगल्भ काळातील काम पाहायचे आहे, त्यांनी त्याऐवजी ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’चा सात भागांचा संच शोधावा, त्याचेही दिग्दर्शक वारिस हुसेनच आहेत.