जुन्या माळ्याला छताच्या खिडक्या: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगून टाकते. खिडक्या उत्तम आहेत आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच घेईन. पण विक्रेते काचेबद्दल तासभर बोलतात, आणि माळा खरोखर राहण्याजोगा झाला तो ज्यांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत अशा दोन गोष्टींमुळे: काचेभोवतीचा आतला गाळा, म्हणजे छताच्या जाडीतली फळ्यांची चौकट, आणि काचेबाहेरचा पडदा. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मधल्या आसावर फिरणाऱ्या या जातीच्या कुठल्याही खिडकीला हेच लागू पडेल.

घर शंभरी ओलांडलेलं. माळा म्हणजे निव्वळ अडगळ. आढ्याखाली तेवढं ताठ उभं राहता यायचं, दोन्ही पाख्यांकडे वाकून जायचं आणि उजेडाच्या नावाने त्रिकोणी भिंतीतला एक झरोका. पण लाकूड बघावं! वाशांवर वाकसाचे घाव अजून बोटाला लागतात. सांध्यांत खिळा नाही, लाकडी खुंट्या आहेत. प्रत्येक सांध्याशी छिन्नीने मारलेल्या बारीक रेघा आहेत, कुठे दोन, कुठे पाच. जोड्या आधी जमिनीवर जुळवायच्या आणि मग वर चढवायच्या, तेव्हा कुठलं लाकूड कुठलं हे कळावं म्हणून सुताराने केलेली ती खूण. हे सगळं फळ्यांमागे गाडून पांढरी पेटी करायची असती तर खाली एक खोली वाढवली असती.

छपरातून उभी खिडकी बाहेर काढायचाही पर्याय होता. तो मी सोडला. एक तर छपराची रेघ मोडते आणि जुन्या घराचं निम्मं रूप त्या रेघेत असतं. दुसरं म्हणजे उजेड. प्रकाशाच्या हिशेबात पूर्ण ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ धरतात. उतारात बसलेली काच त्या वरच्या आकाशाकडे तोंड करून असते. उभी काच समोर बघते, वर तिला बाजूंच्या भिंती आणि माथ्याचं छप्पर आडवं येतं. पाख्यातच बसणारी, पाणी न गळणारी आणि नेहमीच्या खिडकीसारखी उघडणारी काच ही तशी अलीकडची गोष्ट. विलुम कान रासमुसेन या डॅनिश अभियंत्याने १९४१ साली ती बनवली. आमच्या खिडक्या मागच्या पाख्यात आणि आतल्या चौकाकडच्या पाख्यात आहेत. रस्त्याकडून घर होतं तसंच दिसतं.

मापाचा निर्णय माझा नव्हता, वाशांचा होता. तयार खिडक्या ५५, ७८, ९४ सेंटिमीटर अशा ठरलेल्या रुंदीच्या येतात आणि जुने वासे कुणाच्या ठरलेल्या अंतरावर नसतात. मला मोठी हवी होती. सुतारमामांनी टेप लावला आणि म्हणाले, "वहिनी, वासा कापला की त्याचा भार शेजारच्या दोघांच्या गळ्यात. मग आडवं लाकूड घाला, शेजारचे जाड करा. त्यापेक्षा न कापता मावतील त्या घ्या ना." म्हणून ५५च्या जोड्या घेतल्या, दोन खिडक्या शेजारी आणि मधोमध तो जुना वासा, जसाच्या तसा. एका मोठ्या काचेपेक्षा हे मला आता जास्त आवडतं.

आता गाळा. वासे आतून उघडे ठेवायचे म्हणून लाकडी तंतूंच्या उष्णतारोधक पाट्या वाशांच्या वर, कौलांखाली घातल्या. कौलं त्या कामासाठी उतरवलेलीच होती. याने छत जाड झालं आणि काच खोलीपासून चांगली वीतभर लांब गेली. खिडकी बसवायला आलेल्या माणसांनी पहिल्या खिडकीला चारही बाजूंनी काचेशी काटकोनात फळ्या मारल्या. सोपं काम, चटकन होतं. परिणाम असा की उजेड नळीतून यावा तसा आला, जमिनीवर एक झगझगीत चौकोन आणि बाकी खोली होती तशीच अंधारी. मामांनी फळ्या काढायला लावल्या. वरची फळी जमिनीला समांतर केली, खालची थेट उभी. तीच काच, तेच आकाश, पण उजेड वर आढ्यापर्यंत आणि खाली भिंतीच्या पायथ्यापर्यंत पसरला. त्या छिन्नीच्या रेघा मी पहिल्यांदा दिवा न लावता पाहिल्या. दुसरा फायदा थंडीत कळतो. खालून वर जाणारी उबदार हवा काचेला घासून जाते, त्यामुळे काचेवर दव धरत नाही. कामाचं लेखी घेताना ही दोन वाक्यं त्यात घालाच: वरची आडवी, खालची उभी.

उंचीचं थोडक्यात. खालची कड जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर असली की बसूनही बाहेरचं दिसतं. वरची २ मीटरच्या आसपास हवी, नाहीतर उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी चौकट येते. छपराचा उतार जितका कमी, तितकी खिडकी लांब लागते.

उन्हाबद्दल मात्र विक्रेत्याचं ऐकू नका. सोबत आतला पडदा देतात, दिसतो छान. पण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून लावायचा जाळीदार पडदा ऊन काचेला लागण्याआधीच अडवतो, आणि जाळीतून बाहेरचं दिसतही राहतं. पैसे कमी पडत असतील तर एक खिडकी कमी करा, हा पडदा नाही. समोरासमोरच्या पाख्यांतल्या खिडक्या संध्याकाळी उघडल्या की वर साठलेली गरम हवा भराभर निघून जाते.

साफसफाई सोपी आहे. झडप जवळपास पूर्ण उलटी फिरते, खिट्टी लावून अडकवता येते आणि बाहेरची बाजू आतूनच पुसता येते. आतली काच थरांची आहे, फुटली तरी तुकडे अंगावर पडणार नाहीत. बिछाना खाली असल्यामुळे ही गोष्ट मी खोदून खोदून विचारून घेतली होती.

तक्रारी दोन. जोराच्या पावसात काच वाजते, फोनवर बोलता येत नाही. मला चालतं, ज्यांची झोप सावध आहे त्यांना नाही चालणार. आणि उघडायची दांडी झडपेच्या वरच्या कडेला असते. खाली टेबल ठेवता येतं हे खरं, पण माझ्या उंचीच्या बाईचा हात तिथे पोचत नाही. त्यासाठी आकड्याची काठी मिळते, पण ती खोक्यात नसते, वेगळी मागवावी लागते.