मिनिटभराचं वाचन की ध्येयाची पट्टी?

विशेष गरजा असलेल्या मुलाची प्रगती वार्षिक गुणांमध्ये क्वचितच दिसते. वर्षभर धडपडून मूल दोन पावलं पुढे येतं, आणि गुणपत्रिका जिथल्या तिथे! म्हणून वेगळी मोजणी लागते.

एक पद्धत अभ्यासक्रमाधारित मापनाची, स्टॅनली डेनो आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात विकसित केलेली. मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं, आपण बरोबर वाचलेले शब्द मोजतो आणि आलेखावर ठिपका देतो. सलग चार ठिपके अपेक्षित प्रगतीच्या रेषेखाली गेले, तर शिकवण्याची पद्धत बदलायची. दोष मुलाला द्यायचा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण जे मूल अजून बोलतच नाही, त्याचे शब्द काय मोजणार?

तिथे ध्येयपूर्ती श्रेणी उपयोगी पडते. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये ती मांडली, मुळात मानसिक आरोग्य सेवांसाठी. उणे २ ते अधिक २ अशा पाच पायऱ्या. समजा, ध्येय आहे पाणी मागणं. नुसतं रडणं उणे २, आपण खूण केल्यावर मुलाने पाण्याचं चित्रकार्ड देणं शून्य, म्हणजे अपेक्षित पातळी. आणि स्वतःहून कार्ड शोधून आणणं अधिक २. पालकांना हे लगेच कळतं. मात्र पायऱ्या आपणच ठरवतो. त्या सोप्या ठेवल्या की प्रगती फुगते. म्हणून त्या आधीच लिहाव्यात आणि मोजणी शक्यतो दुसऱ्याने करावी.

वाचू लागलेल्या मुलासाठी मी पहिली निवडेन. संवाद आणि स्वावलंबनासाठी निःसंशय दुसरी.